मुळांवरच्या गाठी आणि खिमा-पाव

आप्पांच्या हृदयात स्टेंट बसवल्याला येत्या दिवाळीत दोन वर्षे होतील. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून पथ्य सांगितले: मटण महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी, तेही चरबी काढून, मीठ मोजून, तळणीचे आणि बेकरीचे जवळजवळ बंद. बेळगावच्या वडगावातील आमचे घर रविवार-बुधवारचे. त्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आप्पाच मटण आणायला जात, कुठला तुकडा हवा ते दुकानदाराला स्वतः दाखवत, आणि आईने कांदा-खोबरे भाजायला घेतले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेपर वाचत बसत. पथ्य त्यांनी तक्रार न करता स्वीकारले. मात्र रविवारी दुपारी ते ताटावरून लवकर उठू लागले आणि ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात आले. मांसाची नक्कल करणाऱ्या वनस्पतिजन्य बर्गरविषयी मी वाचू लागले, त्याचे कारण त्यांचे ते लवकर उठणे आहे.

गेल्या आषाढात बेंगळुरूला नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ रात्रीच्या बसने येताना बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात गोठवलेली दोन पाकिटे घेऊन आला. एकात बर्गरसाठीच्या चपट्या टिक्क्या होत्या, दुसऱ्यात खिमा. दोन्हींत प्राणिजन्य काहीही नव्हते. श्रावण लागायच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता, म्हणजे एरवी आमच्याकडे मटणाचे मोठे पातेले चढायचा दिवस. आईने तव्यावर थोड्या तेलात टिक्क्या भाजल्या. तव्यावर पडताना लालसर असलेली टिक्की कडेने तपकिरी होत गेली, चरबी सुटल्यासारखे तेल तव्यावर पसरले आणि भाजलेल्या मांसाच्या जवळ जाणारा वास सुटला. कॅम्पातल्या बेकरीतून आणलेल्या गोल पावात कांदा आणि टोमॅटो घालून ते आप्पांच्या ताटात वाढले. त्यांनी निम्मा पाव सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं लागतंय की. पण मटण न्हवं हे. चावताना कुठं थांबायचं तेच कळत नाही."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवले, कारण या पदार्थाविषयी पुढे जे काही वाचले त्यात त्याहून नेमके मला सापडले नाही. मटणाच्या तुकड्यात धागा असतो, धाग्यांच्या मध्ये पडदा असतो, चरबीचा थर असतो आणि शेवटी हाड असते. दात प्रत्येक ठिकाणी वेगळे वागतात. बर्गरच्या टिक्कीत यातले काहीच नसते आणि ते मूळच्या गोमांसाच्या बर्गरमध्येही नसते, कारण तो मुळातच कुटलेल्या मांसाचा पदार्थ आहे. नक्कल करणाऱ्यांनी बर्गरपासून सुरुवात केली त्यामागे अमेरिकेतील खप हे कारण तर आहेच, पण जे मांस आधीच कुटून एकजीव केलेले आहे त्याची नक्कल सर्वांत सोपी, हेही एक कारण असणार. आप्पांनी आयुष्यात बर्गर खाल्लेला नाही. ज्याची नक्कल केली आहे ती मूळ वस्तूच ज्याने कधी चाखलेली नाही, अशा माणसापुढे आम्ही ती ठेवली होती.

या उद्योगातील दोन नावे जगभर माहीत आहेत आणि दोन्ही अमेरिकेतील आहेत. ईथन ब्राउन यांनी २००९ मध्ये बियाँड मीट ही कंपनी काढली. तिच्या बर्गरचा आधार वाटाण्याचे प्रथिन आहे आणि रंग बीटाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी २०११ मध्ये इम्पॉसिबल फूड्स सुरू केली आणि तिचा बर्गर २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रेस्टॉरंटात पहिल्यांदा वाढला गेला. आडनाव एक असले तरी दोघांचे नाते नाही आणि विचाराची दिशाही वेगळी आहे. पॅट्रिक ब्राउन यांचा प्रश्न असा होता की मांसाला मांसाची चव नेमकी कशामुळे येते. त्यांचे उत्तर होते हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू. तापलेल्या तव्यावर हा रेणू साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील क्रियांना चालना देतो आणि त्यातून आपण ज्याला मटणाचा वास म्हणतो त्यातले बरेच घटक तयार होतात.

हे हीम वनस्पतीत कुठे मिळते, ते वाचून मी थक्क झाले, कारण ते मी लहानपणापासून हातात घेत आले आहे. आमचे थोडे शेत येळ्ळूरच्या वाटेवर आहे आणि एका तुकड्यात दर वर्षी भुईमूग असतो. श्रावणातल्या भांगलणीला मी अजूनही एखादा दिवस जाते. तण काढताना चुकून शेंगांचे रोप उपटले गेले की त्याच्या मुळांवर मोहरीपेक्षा मोठ्या गाठी दिसतात. आप्पांनी मला शाळेत असताना शिकवले होते की गाठ नखाने फोडून बघायची: आत गुलाबी असली तर रान चांगले, पांढरी किंवा हिरवट असली तर रोप उपाशी आहे. त्या गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हे काम करणारे त्यांचे विकर, म्हणजे एन्झाइम, प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते, परंतु जिवाणूंना श्वसनासाठी तर प्राणवायू लागतोच. म्हणून झाड गाठीत एक प्रथिन तयार करते, जे प्राणवायूला धरून ठेवते आणि लागेल तेवढाच पुढे देते. त्याचे नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे ते दूरचे नातलग आहे आणि गाठीचा तो गुलाबी रंग त्याचाच आहे.

सोयाबीनच्या मुळांवरही हेच प्रथिन असते, आणि इम्पॉसिबलच्या बर्गरमधले हीम सोयाबीनच्या या प्रथिनातून येते. रोपे उपटून गाठी गोळा करत बसणे परवडणारे नव्हते, म्हणून सोयाबीनमधील त्याचे जनुक एका यीस्टमध्ये घालून ते टाक्यांत वाढवले जाते. जनुक बदललेल्या यीस्टचा हा वापर अनेकांना खटकतो आणि त्याची परवानगी प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने तपासावी, हे मला योग्यच वाटते. भावाने आणलेल्या पाकिटावर हे प्रथिन नव्हते, रंगासाठी बीट होते. तरीही त्या श्रावणात मी पुन्हा एक गाठ फोडून पाहिली आणि आप्पांना दाखवून सांगितले की अमेरिकेत लोक यातून मटणाचा वास काढतात. त्यांनी ती गाठ बराच वेळ बोटांत फिरवली आणि मग विचारले, "मग शेंगांच्या रानात इतकी वर्षं मटणच पिकत होतं म्हणायचं?" हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला होता.

वासानंतरची अडचण पोताची. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी सोयाबीनची वडी हा या तंत्राचा जुना नमुना आहे. तेल काढून घेतल्यावर उरलेले सोयाबीनचे पीठ थोड्या पाण्यासह एका लांब नळीत, उष्णता आणि दाब देत, मळसूत्राने पुढे ढकलले जाते. नळीच्या तोंडाशी दाब एकदम सुटतो, आतले पाणी वाफ होऊन फुलते आणि वडी स्पंजासारखी सच्छिद्र होते. सोऱ्यातून चकली पाडताना पीठ ज्या रीतीने वळण घेते त्याचीच ही यंत्रातली आवृत्ती आहे. नव्या पद्धतीत पाण्याचे प्रमाण जास्त ठेवून तोंडाशी नळी थंड करतात, त्यामुळे प्रथिन फुलत नाही, एका दिशेने ताणले जाऊन त्याचे धागे होतात. टिक्की बांधून ठेवायला मिथाइलसेल्युलोज वापरतात; या पदार्थाचा स्वभाव उलटा आहे, तो गरम झाल्यावर घट्ट होतो आणि गार झाल्यावर सैल पडतो, त्यामुळे टिक्की तव्यावर फुटत नाही. चरबीच्या जागी बहुधा खोबरेल असते, कारण ते साधारण २५ अंशांच्या खाली गोठते. बेळगावच्या थंडीत सकाळी तेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, तोच गुणधर्म इथे उपयोगी पडतो.

आणि इथेच आमच्या घरापुरता तरी हिशेब बिघडला. खोबरेल तेलात संपृक्त मेद, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, भरपूर असतो. इम्पॉसिबलच्या २०१९ च्या आवृत्तीतल्या ११३ ग्रॅमच्या टिक्कीत सुमारे ८ ग्रॅम संपृक्त मेद होता, तर त्याच वजनाच्या, २० टक्के चरबीच्या गोमांसात सुमारे ९ ग्रॅम असतो; म्हणजे फरक फारसा नाही. बियाँडने २०२४ मध्ये खोबरेल काढून ॲव्होकॅडोचे तेल घातले आणि तो २ ग्रॅमवर आणला. मिठात मात्र तेवढा फरक पडलेला नाही. दोन्ही टिक्क्यांत ३१० ते ३७० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाऊण ते एक ग्रॅम मीठ, आधीच मिसळलेले आहे. कच्च्या मांसात मीठ नसते आणि आपण ते वरून घालतोच, त्यामुळे तुलना करताना सावध राहायला हवे. परंतु जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि पाव, चटणी व लोणचे धरले तर एका टिक्कीने आप्पांच्या वाट्याचे बरेच मीठ संपून जाते. आमच्या पाकिटाच्या पाठीवरचे आकडे मी वाचले तेव्हा तेही याच घरातले निघाले. पथ्याचे म्हणून आणलेले पाकीट दर रविवारी खाण्याजोगे नाही, असे मी भावाला फोनवर कळवले आणि त्याला वाईट वाटले.

त्याने मला एक अभ्यास पाठवला आणि तो मी मनापासून वाचला. स्टॅनफर्डमध्ये ३६ लोकांना ८ आठवडे मांस आणि ८ आठवडे वनस्पतिजन्य मांस असे आलटून पालटून देण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वनस्पतिजन्य आहाराच्या काळात त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल आणि टीएमएओ नावाचा, हृदयरोगाशी संबंध जोडला जाणारा घटक कमी झाला, वजनही थोडे उतरले. अभ्यासाला पैसा बियाँड मीटने दिला होता, लोकही थोडे होते. पण संशोधकांनी ते लपवलेले नाही आणि निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे. त्यातील लोक दिवसाला दोन किंवा अधिक वेळा मांस खात होते. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते. जो माणूस इतके मांस खातो त्याच्यासाठी ही टिक्की सुधारणा ठरू शकते. ज्याच्या ताटात बाकीचे पाच दिवस आमटी, भाकरी आणि उसळच असते त्याला तिच्यातून मिळणारा फायदा तेवढा असेलच असे नाही.

पर्यावरणाच्या आकड्यांचेही असेच आहे. मिशिगन विद्यापीठाच्या २०१८ च्या अहवालात बियाँड बर्गरमुळे अमेरिकी गोमांसाच्या तुलनेत हरितगृह वायू ९० टक्के आणि जमीन ९३ टक्के कमी लागते असे दाखवले आहे. तो अहवालही कंपनीनेच करवून घेतला होता. हे आकडे खोटे मानायचे मला कारण नाही, कारण स्वतंत्र अभ्यासांतही गोमांसाचा भार सर्वांत जास्त आणि डाळींचा अगदी कमी येतो. परंतु बेळगाव आणि खानापूरकडच्या मराठी घरांत जे मटण शिजते ते बकऱ्याचे असते. सुगीनंतर धनगर मोकळ्या रानात कळप बसवतात, शेतकरी त्यांना त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात आणि रात्रभरच्या लेंड्या-मुताने रानाला खत मिळते. ती बकरी बांधावरचा पाला आणि काढलेल्या पिकाचे बुडखे खाऊन वाढतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन निघतोच, म्हणून मटण पर्यावरणाला निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मक्यावर पोसलेल्या बैलाचा हिशेब जसाच्या तसा आमच्या बांधावरच्या बकरीला लावणे चुकीचे आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

यानंतर खिम्याचे दुसरे पाकीट उघडले गेले आणि मला वाट सापडली. आईने टिक्कीसारखे काही न करता, आपण खिमा करतो तसाच कांदा, आले-लसूण, घरचे तिखट आणि हिरवा वाटाणा घालून तो परतला. आप्पांनी पावाबरोबर तो संपवला आणि पुन्हा मागितला. बर्गर त्यांच्यासाठी परका होता, खिमा घरचा होता. शिवाय खिम्यात हाड शोधायला कोणी जात नाही, धागा चावत बसत नाही, आणि चवीचा मोठा भाग मसाल्याचा असतो. वनस्पतिजन्य मांसाची आपल्या स्वयंपाकघरात जागा असेल तर ती इथे आहे, असे माझे मत तेव्हा बनले. मग ते पाकिटातूनच का यावे, हा पुढचा प्रश्न होता.

आमच्या शिवारात बासमती कापली की त्याच रानात, पाणी न देता, उरलेल्या ओलाव्यावर मसूर आणि वाटाणा घेतात. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची काळी जमीन त्यासाठीच ओळखली जाते. याच जमिनीतून हलगा-मच्छे बायपास नेण्याला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, आणि तो केवळ पैशासाठी नव्हता, हे या मातीतला मसूर खाल्लेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वाळलेल्या १०० ग्रॅम मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिन असते, सोयाबीनच्या वडीत त्याच्या दुप्पट. दोन्ही पिकांच्या मुळांवर त्याच गुलाबी गाठी असतात.

पहिल्या खेपेला मी मसूर कुकरमध्ये पूर्ण शिजवला आणि त्याची आमटी होऊन बसली. दुसऱ्या खेपेला चार तास भिजवून उघड्या पातेल्यात, दाणा बोटांनी दाबला तर फुटेल पण पसरणार नाही इतकाच शिजवला, निथळून पंचावर वाळत घातला आणि सुरीने जाडसर चिरला. सोयाबीनच्या वडीचे बारीक दाणे उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून दोनदा पिळले; त्याचा कच्चट वास पाण्याबरोबर बराचसा निघून जातो. दोन वाट्या मसुराला एक वाटी सोया हे प्रमाण जमले. खरी मेहनत कांद्याची आहे: तो मंद आचेवर अर्धा तास परतून गडद केला तरच तळाशी जी गोड-तिखट खोली लागते ती येते. वाळवलेली अळंबी घरात असली तर दोन-तीन भिजवून बारीक चिरून घालावीत, कारण मांसाला जी भरीव चव असते तिच्या जवळ जाणारे घटक त्यांच्यात आहेत. सुके खोबरे मी निम्म्यावर आणले आणि बाकी तीळ भाजून कुटले, कारण खोबऱ्यातही तोच संपृक्त मेद आहे. मीठ नेहमीच्या निम्मे घालून वरून लिंबू पिळले. त्याने मीठ कमी असल्याचे फारसे जाणवत नाही आणि मसुरातले लोह अंगी लागायलाही मदत होते. टिक्की करायची असेल तर जवस भरडून पाण्यात भिजवावे, त्याचा बुळबुळीत चिकटपणा मिथाइलसेल्युलोजइतका पक्का नसला तरी उकडलेल्या बटाट्याच्या जोडीने पुरेसा होतो. मसुराची ही टिक्की पावात छान लागते, मात्र ती मसुरासारखी लागते आणि तिने तशीच लागावे.

एक गोष्ट या खिम्यात नाही आणि ती सांगायलाच हवी: बी१२ जीवनसत्त्व. काही परदेशी कंपन्या आपल्या टिक्क्यांत ते वेगळे घालतात, मसुरात ते नसते. आप्पा दूध घेतात आणि अंडे खातात, तरी डॉक्टरांनी रक्ततपासणीत ते पाहायला सांगितले आणि यंदा थोडे कमी निघाल्याने गोळ्या सुरू आहेत. मटण एकदम बंद करणाऱ्या घरांनी ही तपासणी करून घ्यावी.

आता दर बुधवारी आमच्याकडे मसुराचा खिमा असतो. रविवारचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण रविवार रश्श्याचा आहे आणि रश्श्याला हाडातून उतरणारा जो दाटपणा लागतो तो कुठल्याच पाकिटात किंवा डाळीत मला अजून मिळालेला नाही. गेल्या आठवड्यात खानापूरच्या मावशीशी बोलणे झाले. त्यांच्याकडे जत्रेच्या दिवशी शाकाहारी पंगतीला फणसाच्या कुयरीचा रस्सा करतात, कुयरीत प्रथिन नावालाच असते पण धागा असतो, आणि चावताना कुठे थांबायचे ते कळते. मी आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कुयऱ्या कधी येतात ते विचारले. फाल्गुनात पहिल्या कुयऱ्या बसने पाठवते, असे मावशीने कबूल केले आहे, आणि त्या रश्श्यात मसूर वाटून घालायचा की शेंगदाणे, यावर आई आणि आप्पांची चर्चा सुरू झाली आहे.